घर विकायला काढताना सजावट किती, लपवालपवी किती?

कापडाच्या दुकानात एक गोष्ट रोज घडते. गिऱ्हाईक थान पसंत करते, हात फिरवून पोत पाहते, भाव विचारते आणि मग म्हणते, "जरा बाहेर नेऊन पाहतो." दुकानातल्या ट्यूबलाईटवर त्याचा भरवसा नसतो. कापड दारात उन्हात नेले की खरा रंग कळतो. ज्याचा माल चोख आहे तो दुकानदार स्वतःच म्हणतो, न्या, बाहेर न्या. ज्याच्या मनात चोर आहे तो म्हणतो, आतच पहा, बाहेर धूळ आहे.

घर मात्र उचलून दारात नेता येत नाही. तेथे उजेडच घरात आणावा लागतो. एवढी साधी गोष्ट आम्हाला वयाच्या पन्नाशीनंतर, स्वतःच्या वडिलांचे घर विकताना समजली.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आपले व्यापारी आणि कारागीर बांधव घर विकायला काढतात ते बहुधा नाइलाजाने. मुलीचे लग्न, दवाखान्याचा खर्च, भावाभावांतील वाटणी, दुकानाला भांडवल किंवा मुलगा नागपूर-पुण्याकडे स्थायिक झाला म्हणून. नाइलाज असला की घाई असते आणि घाई असली की तयारी नसते. 'घर विकणे आहे' एवढे एका पुठ्ठ्यावर लिहून दारावर टांगले, चौकातल्या चार दलालांना सांगितले की आपण समजतो, काम झाले. पन्नास रुपये मीटरच्या कापडाची घडी आपण दिवसातून दहा वेळा नीट करून ठेवतो, पण आयुष्याच्या कमाईचे घर मात्र गिऱ्हाइकाला पसाऱ्यासकट दाखवतो.

अमेरिकेत या कामाचा स्वतंत्र धंदाच झालेला आहे. बार्ब श्वार्झ नावाच्या बाईंनी १९७२ साली त्याची सुरुवात केली असे सांगतात. विक्रीचे घर रिकामे करून, उजेड आणून, मोजके सामान मांडून गिऱ्हाइकापुढे ठेवायचे, असा हा धंदा. नाटकाचा रंगमंच मांडतात तसे घर मांडायचे, म्हणून तिकडे त्याला 'स्टेजिंग' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी माणूस बोलावण्याची गरज नाही. घरातली बाईमाणसे हे काम शब-ए-बरातच्या आधी दरवर्षी करतातच. प्रश्न एवढाच आहे की मांडणी कोठे संपते आणि फसवणूक कोठे सुरू होते.

आमचे घर दारव्ह्याला, जुन्या वस्तीत. विटामातीच्या रुंद भिंती, सागाचे मयाल आणि दांडे, वर कवेलू, मागच्या अंगाला नंतर बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या आणि न्हाणी. वडिलांच्या निधनानंतर घर बंदच होते. आम्ही दोघे भाऊ आणि तिघी बहिणी. सर्वांनी मिळून २०२१ मध्ये विकायचे ठरवले.

पहिली तीन गिऱ्हाइके आली तशी गेली. कोणी भावसुद्धा काढला नाही. आम्ही भाऊ म्हणालो, बाजारच मंदा आहे. दलाल म्हणाला, थांबा, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे येऊ द्या, मग भाव बघा. (शकुंतला गाडी चालत होती तेव्हाही हेच लोक 'ब्रॉडगेज होऊ द्या' म्हणत. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली ही आनंदाची गोष्ट आहे, पण येणाऱ्या रेल्वेच्या नावावर आजच्या भिंतीची किंमत मागू नये असे आमचे मत आहे.) शेवटी आमची मोठी आपा एक दिवस आली, उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही कधी गिऱ्हाईक होऊन या घरात शिरून पाहिले का?"

आम्ही बाहेर जाऊन पुन्हा आत आलो आणि खरोखर पाहिले. समोरच्या खोलीत आमच्याच दुकानातला न खपलेला माल छतापर्यंत रचलेला. रस्त्याकडच्या एकुलत्या एका मोठ्या खिडकीत कूलर. कूलर विदर्भात मार्च ते जून चालतो, पण काढायचे कष्ट कोण घेणार, म्हणून बाराही महिने खिडकीत बसून असतो आणि घराचा उजेड-वारा दोन्ही अडवतो. शिवाय वर्षानुवर्षे त्याचे पाणी गळून खिडकीखालची भिंत ओली, चुन्याचे पोपडे सुटलेले. गिऱ्हाइकाला वाटणार, भिंतच ओल धरते. खरे तर दोष भिंतीचा नसून आपल्या आळसाचा. तिसऱ्या खोलीत वडिलांची खाट, दोन लोखंडी पेट्या, मोडकी शिलाई मशीन, आणि हवा अशी की दोन मिनिटे उभे राहवेना.

चार दिवसांत घर निम्मे रिकामे केले. माल दुकानात नेला, कूलर उतरवला, खिडकीखालचा पोपडा खरवडून भिंत महिनाभर वाळू दिली आणि मगच चुना मारला. ओल्या भिंतीवर रंग लावणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे आहे. कवेलू फेरून घेतले. फुटकी कवेलू बदलण्याचा खर्च लग्नाच्या एका दिवसाच्या मंडपाहून कमी आला. चाळीस वॉटचे पिवळे बल्ब काढून चांगले एलईडी लावले. दाराच्या कड्या-कोयंड्यांना तेल दिले, कारण कुरकुरणारे दार गिऱ्हाइकाला सांगते की येथे कोणी लक्ष देत नाही. सांदवाडीत बकरी बांधत असू ती जागा खोदून, नवी माती टाकून, फिनेलने धुऊन घेतली. एक सूचना आमच्या बंधूंना विशेष करावीशी वाटते. वास घालवण्यासाठी लोबान किंवा अगरबत्ती पेटवू नका. गिऱ्हाईक कधी ना कधी घर विकत घेतच असते, त्याला ठाऊक असते की धूर कशासाठी केला आहे. खिडक्या आठ दिवस उघड्या ठेवा, वास आपोआप जातो.

येथपर्यंत सारे ठीक होते. खरी परीक्षा पुढेच होती.

मागच्या खोलीच्या भिंतीला तिरपी भेग होती, वरून खाली पायऱ्या-पायऱ्यांनी उतरलेली. आपल्या जिल्ह्यात हे नवीन नाही. काळी माती कापसाला सोने, पण घराला वैरीण. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि फाटते. शेतात एप्रिल-मेमध्ये पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, तेच पायाखाली घडते. मातीबरोबर पाया हलतो आणि पायाबरोबर भिंत. म्हणून जाणते मिस्त्री काळी माती काढून मुरूम भरतात, खाली आणि वर काँक्रीटचा पट्टा देतात, घराभोवती उताराची फरशी करतात की पाणी पायात जाऊ नये. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी खाली फुगीर बुडाचे खांब टाकून पाया घेण्याची पद्धत काढली आहे. आमच्या वडिलांच्या काळात हे कोण करत होते?

या मातीची एक गंमत आहे. मे महिन्यात बोट शिरेल अशी भेग सप्टेंबरात जवळजवळ मिटते. म्हणूनच काही लोक पावसाळ्याच्या शेवटी लांबी-पुट्टी भरून, रंग मारून, दसऱ्याला घर दाखवतात. आमच्या दलालाने हेच सुचवले. आम्ही तेच केले. पुट्टी भरली, रंग दिला, तरीही बारीक रेघ दिसत होती म्हणून तिच्यावर वडिलांच्या खोलीतला आयतुल कुर्सीचा मोठा तुगरा टांगला. खोलीला शोभाही आली.

चौथे गिऱ्हाईक आले, खूश होऊन गेले, परवा बयाना देतो म्हणाले. त्याच संध्याकाळी धाकटी बहीण आली. घर पाहून तिला आनंद झाला. मग तिने तुगरा पाहिला आणि विचारले, "हा तर अब्बांच्या खोलीत होता ना?" आम्ही काही बोललो नाही. तिने तो जरासा सरकवला आणि पुन्हा नीट केला. एवढेच म्हणाली, "भाईजान, भेग झाकायला दुसरे काही मिळाले नाही?"

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. हजरत अबू हुरैरा (र.) यांनी सांगितलेला तो प्रसंग आपण शेकडो खुत्ब्यांत ऐकला आहे. अल्लाहचे प्रेषित (स.) बाजारातून जात असता धान्याच्या राशीत हात घालतात, बोटांना आत ओल लागते. विक्रेता म्हणतो, पाऊस पडला होता. तेव्हा प्रेषित (स.) त्याला विचारतात की मग ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते. आणि फसवणाऱ्याला ते आपल्यातला मानत नाहीत. कापसाच्या मुलुखात हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. आठ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव, बाराच्या वर गेला की सी.सी.आय. माल नाकारते, आणि तरीही रात्री गाडीवर पाणी मारणारे आपण पाहतो आणि त्यांना नावे ठेवतो. आम्ही भिंतीवर पुट्टी मारली होती, फरक काय? आपल्या हनफी फिकाहात तर सौद्यानंतर जुना, लपलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. त्याला खियारुल ऐब म्हणतात. कापडाचे थान परत येते तेव्हा आपण घेतो. घर परत आले तर बहिणींना दिलेले वाटे कोठून परत आणणार होतो?

सकाळी त्या गिऱ्हाइकाला फोन करून भेगेचे सांगितले. तो परत आला नाही. दलालही रागावून गेला. धाकट्या भावाने आठ दिवस अबोला धरला, कारण त्याला दुकानासाठी पैशांची निकड होती आणि त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते.

मग एका वयस्क मिस्त्रीने उपाय सांगितला. पुट्टी खरवडून भेग उघडी करा. तिच्यावर आडव्या तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या दोन्ही टोकांना सिमेंटने बसवा आणि शेजारी तारीख लिहा. भेग जिवंत असेल तर काच तडकेल, मेलेली असेल तर शाबूत राहील. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. २०२१ च्या नोव्हेंबरात पट्ट्या बसवल्या. मेमध्ये खालची काच तडकली, वरच्या दोन शाबूत. मिस्त्रीने कारण शोधले: न्हाणीचे सांडपाणी फुटक्या मोरीतून नेमके त्या कोपऱ्याच्या पायाशी जिरत होते. पाणी मिळाले की फुगणार, तुटले की आकसणार. मोरी नव्याने पाईप टाकून दूर काढली, कोपऱ्यात मुरूम भरून फरशी केली, नवी काच बसवली. पावसाळा संपेपर्यंत ती तडकली नाही.

तेवढ्या काळात आम्ही कागद जमवले. घराची खरी मांडणी ही कागदांचीच असते. आपले लोक दिवाणखाना रंगवतात आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवतात. वऱ्हाडात आखीव पत्रिका कोणाच्या नावावर आहे हे सर्वप्रथम पहावे. जागा नझूलची असेल तर भाडेपट्टा चालू आहे की मुदत संपली, हे गिऱ्हाइकाने विचारण्याआधी आपल्याला माहीत असावे. शहराबाहेरच्या प्लॉटवर घर असेल तर अकृषक आदेश, नसेल तर गुंठेवारीच्या २००१ च्या कायद्याने नियमित झाले का, ते बघावे. मोजणीची क-प्रत, नगर परिषदेच्या कराची शेवटची पावती, वीजबिल, असे सगळे एका फायलीत लावून ठेवावे. आमच्या पत्रिकेवर आजोबांचेच नाव निघाले! दोन पिढ्यांचा फेरफार करण्यात चार महिने गेले. गिऱ्हाईक दारात उभे असताना ही धावपळ झाली असती तर सौदा तेथेच मोडला असता.

आणि बहिणी. याविषयी आपल्या समाजात बोलताना जीभ अडखळते. शरीअतने मुलाला दोन आणि मुलीला एक वाटा ठरवला आहे. आई हयात नसल्याने आमच्याकडे सात वाटे झाले, भावांचे दोन-दोन, बहिणींचा एकेक. पण आपल्याकडे बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन ईदीला एक साडी देण्याची चाल पडली आहे. कायद्यानेही बहिणींच्या सहीविना असे घर स्वच्छ विकले जात नाही आणि शहाणा खरेदीदार पहिला प्रश्न तोच विचारतो. आम्ही पाचही जणांनी स्टॅम्पवर वाट्यांचे लिहून फायलीत सर्वांत वर लावले. त्या कागदाने घराला जेवढी किंमत आणली तेवढी रंगाने आणली नाही, हे आम्ही व्यापारी म्हणून सांगतो.

शेजाऱ्याला आधी विचारायला विसरू नये. शुफा म्हणजे शेजाऱ्याचा अग्रहक्क. केवळ शेजाराच्या आधारावरचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घटनेशी विसंगत ठरवला, त्यामुळे कोर्टात तो चालणार नाही. पण हजरत अबू राफे (र.) यांचे उदाहरण सहीह बुखारीत आहे. त्यांना आपल्या दोन खोल्यांचे पाचशे दीनार रोख मिळत होते, तरी त्यांनी त्या शेजारी असलेल्या हजरत सअद (र.) यांना चार हजार दिरहमांत, तेही हप्त्याने, दिल्या, कारण शेजाऱ्याचा हक्क जास्त हे त्यांनी प्रेषितांकडून ऐकले होते. आमच्या शेजाऱ्याला घर घ्यायचे नव्हते. पण आधी त्याला विचारले याचा त्याला एवढा आनंद झाला की पुढे आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो स्वतःहून बोलावून चहा पाजू लागला. दलालापेक्षा शेजाऱ्याचा शब्द जास्त चालतो.

घर कधी दाखवावे? आमच्या मते दिवाळीनंतर, कापसाचा पैसा बाजारात खेळू लागला की. वेळ सकाळी दहाची. गिऱ्हाइकाबरोबर बायका येणारच, आणि निर्णय त्याच घेतात. म्हणून आपल्या घरच्या बाईमाणसांनी त्यांना स्वयंपाकघर, न्हाणी, मोरी निवांतपणे दाखवावी, पुरुषांनी मध्ये पडू नये. त्यांचा पहिला प्रश्न पाण्याचा असतो. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले तेव्हा यवतमाळकरांनी जे भोगले, ते अजून कोणी विसरलेले नाही. नळ किती दिवसांनी येतो, विहिरीला मेमध्ये किती पाणी असते, हे खरे सांगावे. बोअर असेल तर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. पांढरकवडा-झरीच्या पट्ट्यात फ्लोराइडचा त्रास मोठा आहे आणि लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते असेल तर पिण्यास योग्य नाही. तपासणीचा कागद फायलीत असू द्या. २२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीनंतर, जेव्हा महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला हेलिकॉप्टर बोलवावे लागले, लोक हेही विचारतात की पुराचे पाणी कोठपर्यंत चढले होते. उंबऱ्यावर खूण असेल तर ती रंगाने मिटवू नका.

गिऱ्हाईक कोणत्याही समाजाचे असू शकते. आपल्यातच विकायचे असा हट्ट धरला की चार गिऱ्हाइकांचे एक होते आणि भाव त्याच्या हातात जातो. कोणी वास्तूची दिशा विचारील, कोणी किबला विचारील. दोघांनाही होकायंत्र लावून खरी दिशा सांगा. तुगरे, मक्का-मदिनेच्या तसबिरी आम्ही अदबीने उतरवून आपापल्या घरी वाटून नेल्या. लोकांना आवडणार नाहीत या भीतीने आम्ही त्या उतरवल्या नाहीत. घर आता दुसऱ्याचे होणार होते, म्हणून उतरवल्या. आणि खोटे गिऱ्हाईक उभे करून भाव चढवायचा, ज्याला नजश म्हणतात, त्याचा तर विचारही करू नका. लहान गावात ते आठ दिवसांत उघडे पडते.

२०२२ च्या दिवाळीनंतर एस.टी.तून निवृत्त झालेले एक गृहस्थ पत्नी आणि सुनेसह आले. त्यांनी सागाच्या मयालावर किल्लीने ठोकून आवाज ऐकला, विहिरीत डोकावले. मागच्या खोलीत काचेच्या पट्ट्या आणि तारखा पाहून विचारले, "हे काय?" आम्ही भेगेची, मोरीची, तडकलेल्या काचेची सगळी हकीकत सांगितली आणि तडकलेली काचही दाखवली, ती आम्ही जपून ठेवली होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या कोपऱ्याच्या कामाचे चाळीस हजार कमी करा." आम्ही तीस म्हणालो. पस्तीसवर ठरले.

बयाना चेकने घेतला. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याने २०१५ पासून मना आहे, घेतल्यास तेवढाच दंड भरावा लागतो. जुन्या सवयीचे आपले बांधव यात अजून फसतात. राहते घर फक्त स्त्रीच्या नावाने घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे आम्हीच त्यांना सांगितले. त्यांनी खरेदी पत्नीच्या नावाने केली.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आम्ही पाचही जण हजर होतो. तिन्ही बहिणींचे चेक त्यांच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खात्यात. धाकटा भाऊ वर्षभर थांबला होता, त्याला चेक देताना आम्हाला जरा ओशाळल्यासारखे झाले. बाहेर आल्यावर खरेदीदार बाईंनी विचारले की मागच्या खोलीतल्या काचा काढून घेणार का. आपा म्हणाली, राहू द्या, पुढच्या मेमध्ये तुम्हाला उपयोगी पडतील. विजेचे मीटर त्यांच्या नावावर करण्याचा अर्ज तेवढा राहिला होता, त्यासाठी पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा एकदा दारव्ह्याला जाऊन आलो.